नोंदवहीतला स्त्रियांचा रकाना

१९४५ साली अमेरिकेतील ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेच्या ‘ग्रेपव्हाइन’ नावाच्या मासिकात एक प्रश्नावली छापून आली. रात्रीचे स्मरण पुसले जाण्याचा अनुभव प्रथम कोणत्या वर्षी आला, चोरून पिणे केव्हा सुरू झाले, नोकरी केव्हा गेली, अशा धाटणीचे तिच्यातले प्रश्न होते. १५८ वाचकांनी ती भरून परत पाठवली. हे कागद येल विद्यापीठातील ई. एम. जेलिनेक या संशोधकाकडे सोपवण्यात आले आणि १९४६ साली त्याने त्यांवर आधारलेला प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. विश्लेषणासाठी त्याने घेतल्या त्या मात्र ९८ प्रश्नावल्या, आणि त्या सगळ्या पुरुषांच्या होत्या. बाकीच्यांपैकी काही नीट भरलेल्या नव्हत्या म्हणून बाजूला पडल्या. स्त्रियांच्या प्रश्नावल्या वगळण्याचे कारण निराळे होते. त्यांची उत्तरे पुरुषांच्या उत्तरांपेक्षा फार वेगळी होती.

माझे शिक्षण पदार्थविज्ञानाचे. मोजमापांच्या रांगेत एखादा बिंदू इतरांपासून फार दूर पडला तर काय करावे, हा प्रश्न आमच्याकडे पहिल्या वर्षापासून शिकवला जातो. उपकरण बिघडले होते, हात हलला होता, असे काही कारण हाती असेल तरच तो बिंदू काढता येतो. तो केवळ वेगळा आहे म्हणून काढला, तर आपण निसर्गाला नव्हे, आपल्या अपेक्षेला मोजत असतो. जेलिनेक हा निष्काळजी संशोधक नव्हता. आपली सामग्री अपुरी आहे असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. स्त्रियांचे कागद इतके थोडे होते की त्यांवरून स्वतंत्र निष्कर्ष काढणे अवघडच होते, हेही मान्य करावे लागेल. पण ‘हे कागद पुढच्या अभ्यासासाठी राखून ठेवू’ असे म्हणणे आणि ते न मोजता पुढे जाणे, यांत अंतर आहे. १९५२ साली त्याने व्यसनाच्या टप्प्यांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यासाठी सामग्री आता २००० हून अधिक व्यक्तींची होती, आणि त्याही पुरुषच होत्या.

त्या टप्प्यांना पुढे १९५८ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मॅक्स ग्लॅट यांनी बरे होण्याची चढती बाजू जोडली. डावीकडून उतरत तळाला जाणारी आणि उजवीकडे पुन्हा वर येणारी ती रेघ जगभरच्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या भिंतींवर लागली. नोकरी जाणे, मित्र तुटणे, तळ गाठणे, शरण येणे, सावरणे, असा तो प्रवास आहे. जिला नोकरीच नव्हती, जी घराच्या बंद दाराआड पीत होती, जिचे पिणे नवऱ्यानेच सुरू करून दिले होते, तिने आपला तळ या रेघेवर कुठे शोधावा?

हा सगळा अमेरिकेचा इतिहास झाला. आपल्याकडची गोष्ट त्याहून जुनी आहे. ‘व्यसन’ हा शब्दच पाहा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक संपूर्ण अधिकरण व्यसनांवर आहे, आणि राजाच्या कामज व्यसनांत तो चार गोष्टी मोजतो: मृगया, द्यूत, स्त्री आणि पान. स्त्री त्या यादीत आहे, पण व्यसन जडलेली व्यक्ती म्हणून नाही. जिचे व्यसन जडते ती वस्तू म्हणून आहे. मराठी माणसाच्या मनातले चित्र तर १९१९ सालीच पक्के झाले. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकर पितो आणि सिंधू सोसते. शंभर वर्षे आपण दारूचे दुःख सिंधूच्या चेहऱ्यावर वाचत आलो, आणि रंगभूमीवर तो चेहराही बालगंधर्वांचा होता. योगायोग असा की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या १९३९ सालच्या मूळ ग्रंथात पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे. ते पत्नींच्याच तोंडून बोलल्यासारखे लिहिलेले आहे, परंतु लिहिले ते संस्थापक बिल विल्सन याने. त्याच्या पत्नीला, लोइसला, त्याचे वाईट वाटले होते. पुढे १९५१ साली तिने मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ उभी केली.

म्हणजे दारूच्या इतिहासात स्त्री सर्वत्र आहे. ती सोसणारी पत्नी आहे, भट्ट्या फोडणारी आंदोलक आहे, आडव्या बाटलीसाठी मतदानाला उभी राहणारी गावकरी आहे, शुश्रूषा करणारी परिचारिका आहे. रुग्ण म्हणून ती फार उशिरा येते.

यावर एक सहज आक्षेप असा की आपल्याकडे बायका व्यसन करतच नव्हत्या, मग नोंद कशाची व्हायची? हा आक्षेप तपासून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावून दिवस सुरू करणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्या होऊन गेल्या. तिला कुणी व्यसन म्हटले नाही; ते दात घासणे होते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवत. त्यालाही कुणी व्यसन म्हटले नाही. ती पोटासाठीची सोय होती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी १४.२ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू धूरविरहित होती. कोणती सवय ‘व्यसन’ ठरते आणि कोणती ‘रीत’, हे पदार्थाच्या रसायनावर जेवढे ठरते तेवढेच तो पदार्थ कोण आणि कुठे घेते यावर ठरते.

नोंदी कशा घडतात याचा एक जुना धडा आपल्याच देशातला आहे. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदवह्या तपासल्या. गांजामुळे वेड लागते या समजाला त्या नोंदवह्यांतले आकडे मोठा आधार होते. आयोगाला असे दिसले की ‘कारण’ या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द पुष्कळदा पोलिसांच्या ऐकीव माहितीवरून लिहिला गेला होता. वैद्यकीय तपासाचा त्याच्याशी संबंध नव्हता. पुरुषांच्या बाबतीत रकाना चटकन भरला जाई. स्त्रियांच्या बाबतीत उलटी चूक अधिक संभवते: कारण ठाऊक असूनही रकाना रिकामा राहतो.

स्वतंत्र भारतातल्या व्यसनमुक्तीच्या कामाची सुरुवात शोधू लागले की पुन्हा स्त्रियाच भेटतात. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी मद्यासक्तीने गमावलेल्या आपल्या पतीच्या नावाने १९८० साली टी. टी. रंगनाथन संस्था सुरू केली. त्या काळी या आजाराला समर्पित रुग्णालय देशात जवळजवळ नव्हतेच. पुण्यात ब्राउन शुगरने पोखरलेल्या तरुणांविषयी अनिल अवचटांनी लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याची घडण केली ती मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. त्यांना सगळे सुनंदा म्हणत. उपचार घेणाऱ्याला रुग्ण न म्हणता ‘रुग्णमित्र’ म्हणण्याची तिथली रीत आजही आहे, आणि मराठीत या विषयावर बोलताना एवढा एक शब्द बदलला तरी पुष्कळ बदलते असे मला वाटते. त्या केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला. तो आवश्यकच होता. परंतु त्या इमारतीत स्त्री येई ती सहचरी म्हणून. स्त्रियांच्या व्यसनमुक्तीसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग मुक्तांगणमध्ये सुरू व्हायला २००९ साल उजाडावे लागले, म्हणजे तेवीस वर्षे.

बंगळुरूला हा प्रश्न विज्ञानाचा प्रश्न म्हणून विचारला गेला, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. होसूर रस्त्यावरच्या निम्हान्सचा इतिहास एकोणिसाव्या शतकातल्या वेड्यांच्या इस्पितळापासून सुरू होतो. १९५४ साली तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली आणि १९७४ साली रुग्णालय व संस्था यांच्या एकत्रीकरणातून निम्हान्स झाले. १९९० च्या दशकात तेथील व्यसनमुक्ती केंद्र नावारूपाला आले. आज ते व्यसनवैद्यक केंद्र म्हणून ओळखले जाते. त्याच दशकात या शहरातून एका वर्षाच्या अंतराने दोन निबंध निघाले आणि दोन्ही ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त छापले गेले. १९९७ सालचा सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकारतज्ज्ञांचा होता. त्याचे शीर्षकच एक प्रश्न होते: मद्यासक्त स्त्रिया मद्यासक्त पुरुषांपेक्षा वेगळ्या आहेत काय? १९९८ सालचा निम्हान्सचा होता आणि त्याचे स्वरूप स्त्रियांतील मद्यासक्तीच्या प्राथमिक रेखाटनाचे होते. दोन्हींतील स्त्रियांची संख्या लहान होती. पण पन्नास वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी स्त्रियांचे कागद बाजूला ठेवले गेले, तेच कारण आता अभ्यासाचा विषय झाले होते. ‘वेगळ्या आहेत म्हणून सोडून द्या’ याच्या जागी ‘वेगळ्या आहेत का, आणि असतील तर कशा’ हा प्रश्न आला.

पुढची पावले तुलनेने लवकर पडली. निम्हान्सच्या डॉ. प्रतिमा मूर्ती यांनी भारतातील स्त्रिया व अमली पदार्थ यांवर केलेला अहवाल २००२ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांची अमली पदार्थविषयक यंत्रणा यांनी प्रकाशित केला. घरातल्या पुरुषाच्या व्यसनाचा भार वाहणाऱ्या स्त्रिया आणि स्वतः पदार्थ वापरणाऱ्या स्त्रिया, अशा दोघींकडे त्यात पाहिले आहे. या दोघी पुष्कळदा एकच असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अहवालाचे महत्त्व कळते. डॉ. मूर्ती पुढे निम्हान्सच्या संचालक झाल्या. डॉ. विवेक बेनेगल व सहकाऱ्यांनी एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भाग म्हणून कर्नाटकात घरोघरी पाहणी केली. तिचा वृत्तांत २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात आला. पिणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या मानाने फार थोडे होते, हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते असे की ज्या पीत होत्या त्या एका बैठकीत पुरुषांच्या जवळपास जाईल एवढे पीत होत्या. आपल्याकडे ‘मधूनमधून, चवीपुरते’ पिणाऱ्या स्त्रिया विरळ आहेत. निषेध इतका कडक असेल तर उंबरठा ओलांडण्यापूर्वी बरेच काही घडून गेलेले असते, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

येथे थोडे गणित मांडायचा मोह मला आवरत नाही. स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९३२ साली रक्तातील मद्यार्काचे सूत्र दिले. घेतलेला मद्यार्क ग्रॅममध्ये, त्याला शरीराचे वजन आणि एक गुणक यांच्या गुणाकाराने भागायचे. मद्यार्क शरीरातल्या पाण्यात पसरतो, चरबीत जवळजवळ नाही, आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सरासरीने कमी असते. म्हणून हा गुणक पुरुषांसाठी सरासरी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ येतो. आता ७० किलोचा पुरुष आणि ५५ किलोची स्त्री प्रत्येकी २८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क घेतात असे समजा. पुरुषाच्या बाबतीत उत्तर येते किलोमागे ०.५९ ग्रॅम, स्त्रीच्या बाबतीत ०.९३ ग्रॅम. ग्लास सारखाच, पण रक्तातली तीव्रता दीडपटीहून अधिक. वजन दोघांचे सारखे धरले तरीही ती चोवीस टक्क्यांनी जास्त राहते. विडमार्कने हे गुणक काढले ते प्रयोगात पुरुषांबरोबर स्त्रियांनाही घेऊन. जेलिनेकच्या चौदा वर्षे आधी एका रसायनज्ञाला जे सुचले ते व्यसनाच्या अभ्यासकांना सुचले नाही, हे नोंदवून ठेवतो.

पचनातही फरक आहे. जठराच्या अस्तरातच काही मद्यार्क विघटित होतो आणि हे काम स्त्रियांत कमी होते, असा निष्कर्ष १९९० साली इटली व अमेरिकेतील संशोधकांनी मांडला. त्याचे नेमके प्रमाण किती यावर पुढे मतभेद झाले. पण पहिल्या घोटापासून अवलंबित्वापर्यंतचा आणि यकृताच्या आजारापर्यंतचा काळ स्त्रियांत अनेकदा आखूड असतो, हे निरीक्षण निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहे. दुर्बीण मिटून तिच्या नळ्या एकमेकींत शिराव्यात तसे टप्पे आखडत जातात, म्हणून त्याला इंग्रजीत ‘टेलिस्कोपिंग’ असे नाव पडले. तरुण मुलींच्या बाबतीत याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. एकविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या मुलीकडे, ‘अजून वय आहे, सुधारेल’ म्हणण्याइतकी वर्षे हातात असतीलच असे नाही.

औषधांचा इतिहासही याच वळणाने गेला. नॅलट्रेक्सोन हे आज मद्यासक्तीवर सर्रास वापरले जाणारे औषध. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या महत्त्वाच्या चाचणीत ७० व्यक्ती होत्या आणि ते सर्व पुरुष होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून दूर ठेवण्याची मार्गदर्शक सूचना काढली होती. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की औषधाची मात्रा एका लिंगावर ठरली आणि ती दोघांना दिली गेली. १९९३ साली तेथे कायद्यानेच संशोधनात स्त्रियांचा समावेश बंधनकारक करावा लागला.

आणि आपल्याकडे? गोव्यात ‘संगत’ या संस्थेने अतिशय चांगल्या दर्जाची एक चाचणी केली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या आणि घातक प्रमाणात पिणाऱ्या लोकांना डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी थोडक्या भेटींत मदत केली तर उपयोग होतो का, हे तिने तपासले. उपयोग होतो असे दिसले, आणि तो निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी ३७७, सर्व पुरुष. येथे संशोधकांना दोष देता येत नाही. घातक प्रमाणात पिणाऱ्या स्त्रिया आरोग्य केंद्रांत इतक्या थोड्या सापडतात की संख्याशास्त्रीयदृष्ट्या त्यांचा वेगळा गट करणेच शक्य होत नाही. पण त्यामुळे एक दुष्टचक्र तयार होते. स्त्रिया दिसत नाहीत म्हणून अभ्यासात नसतात. अभ्यासात नसतात म्हणून उपचार त्यांच्यासाठी घडत नाहीत. उपचार त्यांच्यासारखे नसतात म्हणून त्या येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

किती स्त्रियांचा हा प्रश्न आहे? २०१९ साली एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातील २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया मद्य घेत असल्याचे आढळले. पिणाऱ्या पुरुषांत पाचांपैकी एक अवलंबित्वाच्या अवस्थेत होता, पिणाऱ्या स्त्रियांत सोळांपैकी एक. हे आकडे घेऊन मी कागदावर हिशेब केला तर पिणाऱ्या स्त्रिया ८० ते ९० लाखांच्या घरात येतात आणि अवलंबित्व असलेल्या पाच लाखांच्या आसपास. हा माझा ढोबळ हिशेब आहे, अहवालातला आकडा नव्हे. पण टक्केवारी ऐकून ‘नगण्य’ म्हणणाऱ्यांनी एकदा तो करून पाहावा. शिवाय घरोघरच्या पाहणीला स्वतःची मर्यादा असते. प्रयोगशाळेत आम्ही म्हणतो की शोधकात नोंद झालेल्या कणांवरून प्रत्यक्ष आलेले कण काढायचे तर शोधकाची कार्यक्षमता ठाऊक हवी. बैठकीच्या खोलीत सासूसमोर बसलेल्या सुनेला ‘तुम्ही मद्य घेता का’ असे विचारणाऱ्या शोधकाची कार्यक्षमता किती धरावी?

उपचारांचे चित्र तर दोघांसाठीही बिकट आहे. त्याच पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्याही प्रकारची मदत मिळाली होती आणि १८० पैकी एकीला रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते. निम्हान्सच्या नेतृत्वाखाली २०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने मद्यविकारांतील उपचारांची तूट ८६ टक्के काढली होती. या तुटीत स्त्रीच्या वाट्याला काय येते ते समजण्यासाठी वॉर्डातल्या एका साध्या व्यवस्थेचा विचार करावा. आपल्या रुग्णालयांत रुग्णाजवळ नातेवाइकाने राहायचे असते. पुरुष दाखल झाला की त्याच्याजवळ बायको राहते, नाहीतर आई. ती घरचे पाहते, डबा आणते, डॉक्टरांचे ऐकते, समुपदेशनाला बसते. स्त्री दाखल झाली की तिच्याजवळ कोण राहणार? तिची मुले कुणाकडे? महिनाभर ती कुठे गेली हे शेजाऱ्यांना, आणि लग्न व्हायचे असेल तर पाहुण्यांना, काय सांगायचे? घर सोडून बंगळुरूला नोकरीसाठी आलेल्या, वसतिगृहात किंवा पीजीत राहणाऱ्या मुलीला हे प्रश्न आणखी कठीण जातात. आईवडिलांना कळवल्याशिवाय सोबत मिळत नाही, आणि कळवले तर नोकरी सोडून परत ये एवढाच उपाय समोर येतो.

म्हणून ‘स्त्रियांसाठी वेगळी खाट कशाला, औषध तर तेच’ या प्रश्नाचे उत्तर औषधात नाही. ते प्रयोगाने तपासता येते, आणि तसे तपासलेही गेले आहे. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘एव्हा’ नावाचा केवळ स्त्रियांसाठीचा विभाग सुरू झाला. लेना डालग्रेन आणि विलांडर यांनी २०० स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्या त्या विभागात, निम्म्या स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या नेहमीच्या विभागात. दोन वर्षांनंतर स्वतंत्र विभागातल्या स्त्रियांची प्रगती सरस ठरली, असे त्यांनी १९८९ साली नोंदवले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका स्पष्ट दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी आढळते: स्वतंत्र जागा असली की ज्या एरवी आल्याच नसत्या अशा स्त्रिया येतात. ज्यांच्या व्यसनामागे पुरुषाने केलेला अत्याचार आहे त्यांना पुरुषांनी भरलेल्या गटात तोंड उघडायला सांगणे हा उपचार नव्हे, एवढे समजायला चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत.

निम्हान्सच्या व्यसनवैद्यक केंद्रात आज स्त्रियांसाठी स्वतंत्र आंतररुग्ण व्यवस्था आहे. पुण्याच्या निशिगंधमध्ये मुक्तांगणची पद्धत स्त्रियांच्या आयुष्याला जुळवून वापरली जाते. निम्हान्सच्याच पुढाकाराने चाललेल्या ‘सीवेदा’ या प्रकल्पात देशातल्या सात केंद्रांवर ६ ते २३ वर्षे वयाच्या नऊ हजारांच्या आसपास मुलामुलींचा, त्यांच्या मेंदूचा, घरचा आणि परिसराचा अभ्यास होतो आहे. व्यसन जडण्यापूर्वी काय घडत असते हे त्यातून कळावे असा उद्देश आहे. येथे मुलींचे कागद पहिल्या दिवसापासून गठ्ठ्यात आहेत.

कायद्यातली एक तरतूद मात्र अजून पुरेशी माहीत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मद्य व अमली पदार्थांच्या वापराशी निगडित मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत येतात. त्याच्या कलम २१ मध्ये म्हटले आहे की मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये. मुलाला धोका असेल तरच अपवाद करता येतो, आणि तो निर्णय दर पंधरा दिवसांनी तपासावा लागतो. ‘दारू पिणारी आई’ एवढ्या तीन शब्दांवर मूल काढून घेण्याची भीती ज्या तरुण आईला उपचारांपासून दूर ठेवते, तिच्यासाठी हे कलम लिहिलेले आहे. अंमलबजावणी करायची तर वॉर्डात पाळणा लागतो, दूध तापवायची सोय लागते, रात्री रडणाऱ्या मुलाला सहन करणारे शेजारचे रुग्ण लागतात. किती केंद्रांत हे सर्व आहे, हे विचारणे विद्यार्थ्यांनाही शक्य आहे. माहितीचा अधिकार वापरून हा एक चांगला प्रकल्प होईल.

मदतीचे दोन क्रमांक. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन. १४४१६ ही टेलि-मानस सेवा. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचे शीर्षकेंद्र बंगळुरूचे निम्हान्स आहे आणि तिच्यावर मराठी व कन्नडसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मैत्रिणीसाठी फोन करायचा असेल तरी चालतो.